आजोबांच्या कपाटातली विखारी पुस्तकं फाडून टाकू का?

गिरगावकर_७: आमची चाळ रीडेव्हलपमेंटला गेलीये, महिनाअखेर खोली रिकामी करायचीये. आजोबांच्या कपाटात हिटलरचं 'माईन काम्फ' निघालं आणि सोबत एका समाजाविरुद्धची जुनी पत्रकं, इतकं घाणेरडं की दोन पानांपुढे वाचवलं नाही. रद्दीवाल्याला दिलं तर फिरून फाउंटनच्या फुटपाथवर विकायला येणार. फाडायला घेतलं तर हात थांबतो. काय करू?

वांद्रेवाली: फाड की, तुझी प्रत आहे. 10 मे 1933 ला बर्लिनमध्ये नाझी विद्यार्थ्यांनी पुस्तकं जाळली ती दुसऱ्यांनी वाचू नयेत म्हणून, सरकारच्या आशीर्वादाने. 5 जानेवारी 2004 ला पुण्यात जुन्या हस्तलिखितांच्या भांडारकर संस्थेत घुसून नासधूस केली, तीही सगळ्यांच्या ठेव्याची. घरातलं कपाट आवरणं वेगळं.

परळचा_पोरगा: जाळणं म्हटलं की सगळं एकाच मापात मोजू नका हो. 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली ती काय कुणी वाचू नये म्हणून? बाबासाहेबांनी ती कोळून प्यायली होती, नंतरही त्यावर लिहीत राहिले, आणि पुस्तकांसाठी दादरला राजगृह बांधणारा माणूस तो. ज्या ग्रंथाच्या नावाने पाणी नाकारलं त्याची सत्ता आम्ही मानत नाही, हे चारचौघांत सांगायचं होतं. 1921 ला इथे परळलाच विदेशी कापडाची होळी झाली, तसंच. तू गपचूप फाडशील त्यातून कुणाला काय कळणार?

जुनी_पानं: मी लायब्ररीत काम करते म्हणून सांगते, तुम्ही उलटीकडून विचार करताय. 'माईन काम्फ'च्या ढिगाने प्रती आहेत, जर्मनीत 2016 साली इतिहासकारांनी हजारो टिपा घालून, खोटं कुठे कुठे आहे ते दाखवत छापलं, त्यामुळे तुमची प्रत लगद्याला गेली तरी काही अडत नाही. पत्रकं मात्र प्लीज फाडू नका!! असली स्वस्तातली छपाई कुणी जपत नाही, आणि उद्या कुणी म्हणालं की आपल्याकडे असलं कधी छापलंच नाही, तर दाखवायला काय उरणार? एखाद्या अभिलेखागाराला विचारा, आणि कुठे, कुणाकडे सापडली ती चिठ्ठी लावून द्या.

गिरगावकर_७: हे डोक्यातच आलं नव्हतं. पत्रकं वेगळी काढलीत. चिठ्ठीवर आजोबांचं नाव नको असं बाबा म्हणतायत, दोन दिवस त्यावरूनच चाललंय घरात. मला वाटतं लिहावं. त्यांनी ती पन्नास वर्षं सांभाळून ठेवली होती, कव्हर घालून.