छोट्या मराठी सिनेमाला वितरक हवाच कशाला?

पडद्यामागून

आमचा सिनेमा शुक्रवारी लागला, सोमवारी निम्मे शो कापले गेले आणि पुढच्या शुक्रवारी मुंबईत उरला तो सकाळचा एक खेळ. त्याबद्दल थिएटरवाल्याशी माझं भांडण नाही. खुर्च्या रिकाम्या असतील तर तो तरी काय करणार? माझा आक्षेप मधल्या माणसावर आहे, वितरकावर. नाव घेत नाही, कारण हा एकट्याचा प्रश्न नाही.

पूर्वी वितरक एमजी द्यायचा. म्हणजे किमान ठरलेली रक्कम आधी निर्मात्याच्या हातात ठेवायचा आणि सिनेमा पडला तर त्याचेही पैसे बुडायचे. आज नवख्याला एमजी कोण देतो? सगळं कमिशनवर. पोस्टर, होर्डिंग, ट्रेलर, डिजिटल प्रोजेक्शनचा व्हीपीएफ (दर स्क्रीनमागे भरायची फी), सगळं निर्मात्याने आगाऊ भरायचं. थिएटर बुक करायला वितरक दोन-चार फोन करतो आणि आलेल्या पहिल्या रुपयातून आपला वाटा काढून घेतो.

हिशेबच मांडतो. तिकीट २३६ रुपयांचं. १८ टक्के जीएसटी गेला की राहिले २००. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांची जुंपली होती, दोनेक महिने नवे मोठे हिंदी सिनेमे लागलेच नव्हते. त्या तहात ठरलं की निर्मात्याच्या बाजूला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. पहिल्या आठवड्याचं ५० टक्के धरलं तर १०० वितरकाकडे आले. त्याने १० टक्के कमिशन कापलं, उरले ९०. हे ९० मग ‘खर्चा’त वळते होतात. कुठला खर्च, ते विचारायचं नाही. आम्हाला पहिले काही दिवस रोजच्या कलेक्शनचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला, मग बंद. शेवटचा हिशेब एका पानाचा होता आणि त्यातली सगळ्यात मोठी ओळ होती ‘इतर’.

आणि हे कमी म्हणून की काय, कराराच्या मसुद्यात थिएटरबरोबर सॅटेलाइट (म्हणजे टीव्ही) आणि डिजिटलचे हक्कही घातलेले होते. आमच्या वकिलाने ते खोडले. एका मित्राच्या करारात कुणी खोडले नाहीत. त्याचा सिनेमा आज कुठेच दिसत नाही आणि त्याला तो यूट्यूबवरही टाकता येत नाही.

पैसा आपला, जोखीम आपली, मग हक्क त्याचे कसे? माझं मत: एमजी देत नसेल तर वितरक नकोच.

नाझची पायरी

मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाझ टॉकीजच्या आवारात वितरकाच्या ऑफिसात हयात गेली माझी, म्हणून लिहितो.

एमजी बंद झाली कारण ती देणारे बुडाले. तुम्ही लोक ते सांगत नाही. दुसरं, महाराष्ट्र तुम्हाला एक वाटतो, धंद्याला नाही. वितरणाचे विभाग, म्हणजे सर्किटं, वेगळी पडतात. मुंबई सर्किटमध्ये मुंबई, ठाणे, पश्चिम महाराष्ट्र आणि वर गुजरात. विदर्भ सीपी-बेरारमध्ये. मराठवाडा निजाममध्ये. म्हणजे एका मराठी सिनेमाला तीन सर्किटं लागतात. नांदेडच्या सिंगल स्क्रीनकडून वसुली कोण करणार, तुम्ही? अंधेरीहून फोन लावून?

वसुलीचं गणित साधं आहे. ज्याच्याकडे पुढच्या महिन्याचा मोठा सिनेमा आहे त्याचा फोन उचलतात. तुमच्याकडे पुढचा सिनेमा तीन वर्षांनी. १० टक्के त्या फोनचे आहेत. ‘इतर’ची ओळ मात्र चुकीची, त्याचं समर्थन करणार नाही.

सावली_७

मी माहितीपट करते, थिएटरचा अनुभव नाही, ऑनलाइनचा आहे. अमेरिकेतलं एक उदाहरण इथे द्यायलाच हवं. डिस्ट्रिबर नावाची कंपनी होती. कमिशन शून्य! आगाऊ फी भरा, आम्ही तुमचा सिनेमा आयट्यून्स, ॲमेझॉनवर चढवतो, पुढचं सगळं उत्पन्न तुमचं. स्वतंत्र दिग्दर्शकांना देवच भेटला. २०१९ मध्ये कंपनी बसली आणि कित्येकांचे पैसे अडकले, कारण प्लॅटफॉर्मकडून येणारी रक्कम आधी कंपनीच्या खात्यात जमा व्हायची.

म्हणून पडद्यामागून, कमिशन किती आणि एमजी आहे की नाही यावर तुम्ही उगाच अडलाय. पैसे आधी कुणाच्या खात्यात पडतात ते बघा. शून्य टक्केवालाही बुडवतो.

नाझची पायरी

ताई, मग काय एस्क्रो खातं, म्हणजे दोघांचे पैसे तिसऱ्याच्या ताब्यात ठेवणारं खातं, उघडायचं? चाळीस शोच्या सिनेमाला? बँकेतला माणूस हसेल.

ठाणे_स्लो

मी साधा प्रेक्षक. दोन्ही बाजू वाचल्या, माझा प्रश्न वेगळा आहे. सिनेमा लागतो तेव्हा मी ऑफिसात असतो! २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्सना मराठीसाठी प्राइम टाइमची सक्ती केली. आधी ६ ते ९ म्हणाले, मग बोंबाबोंब झाली आणि ‘प्राइम टाइम’ दुपारी १२ ते रात्री ९ असा ताणला. दुपारी साडेबाराला लावला तरी नियम पाळला! त्या वेळी ठाण्याहून बीकेसीला जाणारा माणूस थिएटरात कसा असेल? यावर एखादा वितरक कधी भांडलेला ऐकला नाही. १० टक्के फोनचे म्हणता, मग तो फोन संध्याकाळच्या शोसाठी का नाही करत?

रीळ_संपलं

अनुभव उलटा आहे म्हणून लिहितोय, नाहीतर इथे नुसती रड होईल.

आमच्या वितरकाने आम्हाला आवरलं. आम्हाला राज्यभर लावायचा होता, पोस्टरवर ‘संपूर्ण महाराष्ट्रात’ छापायची हौस. तो म्हणाला, एवढ्या स्क्रीनचा व्हीपीएफ भरशील तर प्रसिद्धीला दमडी उरणार नाही. दादर, ठाणे, बोरिवली, पुण्यात कोथरूड, बस्स. पण सगळीकडे संध्याकाळी सहानंतरचेच शो मागितले आणि मिळेपर्यंत तारीख जाहीर करू दिली नाही. कमी स्क्रीन, त्यामुळे भरलेल्या दिसल्या. भरलेल्या दिसल्या म्हणून सोमवारी कापल्या नाहीत. दुसरा आठवडा मिळाला. श्रीमंत झालो नाही, पण पैसे बुडाले नाहीत.

हे त्याला कळत होतं, आम्हाला नव्हतं. एमजी त्यानेही दिली नव्हती.

आणि कृपया कुणी ‘कोर्ट’ सिनेमाचा दाखला देऊ नका. व्हेनिसला २०१४ मध्ये दोन बक्षिसं, मग राष्ट्रीय पुरस्कार आणि मग एप्रिल २०१५ मध्ये प्रदर्शन. ज्या सिनेमाबद्दल पेपरांनी आधीच लिहिलंय त्याच्या वितरणावरून आपल्याला काही शिकता येत नाही.

पडद्यामागून

रीळ, तुम्हाला माणूस चांगला मिळाला. मी पद्धतीबद्दल बोलतोय. चांगला माणूस मिळणं ही काय पद्धत झाली?

सावली, खात्याचा मुद्दा पटला, पण नाझकाका म्हणतात तसं एस्क्रो कुणी देणार नाही. मग निदान हे तरी: खर्चाची कमाल मर्यादा करारात आकड्यात लिहायची, तिच्यावर रुपयाही जाणार असेल तर लेखी परवानगी. रोजचा रिपोर्ट प्रदर्शन संपेपर्यंत. हिशेब तपासायचा, म्हणजे बिलं मागायचा हक्क. आणि थिएटर सोडून बाकी हक्कांना हात नाही. यातलं एकही कलम महागडं नाही. तरी नवख्याने मागितलं की समोरचा म्हणतो, ‘विश्वास नाही का?’ नाही!

त्यापेक्षा रवींद्र नाट्य मंदिराचं मिनी थिएटर घ्यावं, फिल्म सोसायट्यांना विचारावं, प्रभात चित्र मंडळासारख्यांचा प्रेक्षक तयार आहे.

नाझची पायरी

तिथे टाळ्या मिळतील, भांडवल सुटणार नाही. सोसायटीचा सभासद वर्गणी भरून येतो, त्यातून निर्मात्याला काय सुटणार?

तुमची कलमं मी वाचली. वाजवी आहेत. पण एक ऐका, तुमच्या सिनेमाची तारीख कुणी ठरवली होती? फेब्रुवारी-मार्च म्हणजे परीक्षा, एप्रिल-मे म्हणजे आयपीएल, सुट्टीतले मोठे सिनेमे वेगळेच. पावसात सिंगल स्क्रीन ओस. दिवाळीत हिंदीवाले जागा सोडत नाहीत. उरतात मोजके शुक्रवार आणि त्यावर पाच-सहा मराठी सिनेमे एकदम उड्या मारतात, मग एकमेकांचे शो खातात. हे वर्षानुवर्षं चाललंय. त्याला कुठलं कलम?

पडद्यामागून

तारीख त्यांनीच दिली होती, काका. त्या शुक्रवारी आम्ही चौघे होतो.

असो. पुढचा सिनेमा एडिटवर आहे. बिलं दाखवण्याच्या कलमावर सही करेल असा वितरक माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

नाझची पायरी

एक आहेत. सही करतील, पण १० चे १५ टक्के मागतील.

ठाणे_स्लो

१५ द्या, पण संध्याकाळी सातचा शो लिहून घ्या.

सावली_७

आणि पैसे किती दिवसांत देणार, तेही. आमच्याकडे ‘यथावकाश’ लिहिलं होतं.