लेखक आमच्या गावात आले होते तेव्हा (अनुभव सांगा)

कृष्णाकाठची
काल संक्रांतीला आईला फोन केला तर मागे भोंग्याचा आवाज. कोणीतरी भाषण करत होतं आणि आई म्हणाली थांब जरा, एवढं वाक्य ऐकू दे. मग मीपण इथे पुण्यात फोन कानाला धरून दोन मिनिटं गप्प बसून ऐकलं. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही म्हणून लिहितेय.

माझं माहेर औदुंबर. दत्ताचं औदुंबर, पलूस तालुका, नदीपलीकडे भिलवडी. तिथे १९३९ पासून दर संक्रांतीला सदानंद साहित्य संमेलन भरतं. कवी सुधांशूंचं गाव ते, 'दत्त दिगंबर दैवत माझे' त्यांचंच. आमचं घर देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत, त्यामुळे संक्रांतीला चार-सहा पाहुणे जेवायला ठरलेलेच, कोणी कवी, कोणी कवींबरोबर आलेले. म्हणून आईने मांडवात बसून एकही भाषण ऐकलेलं नाही. पण ऐकलंय सगळं. भोंगा आमच्या परसाकडे तोंड करून असायचा आणि ती गुळाच्या पोळ्या लाटता लाटता ऐकायची. बाबा मांडवातून घरी आले की अध्यक्ष काय म्हणाले ते आईच त्यांना सांगायची, कारण बाबा तिकडे खुर्च्या उचलण्यात असायचे.

मी सातवीत असेन. एक लेखिका जेवायला आल्या. उंबऱ्यात उभ्या राहून 'हात कुठे धुऊ' एवढंच म्हणाल्या आणि आई आतूनच म्हणाली, या या, मगाशी तुम्हीच बोलत होता. नुसत्या आवाजावरून! बाई मग पानावर बसल्याच नाहीत, सरळ आत येऊन चुलीपाशी पाट घेतला. आईने दुधाचं पातेलं चुलीवरून बाजूच्या तोंडावर सरकवलं तर त्या म्हणाल्या, ह्याला काय म्हणता हो तुमच्याकडे? आई म्हणाली, वैल. त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, माझी आजी म्हणायची हा शब्द, चार महिने आठवत नाहीये, गोष्टीत तेवढी जागा कोरी सोडलीय मी. पर्समधून पेन काढलं, कागद नव्हता तर संमेलनाच्या पत्रिकेच्या मागे लिहून घेतलं. आईचे हात पिठाचे, तसाच हात पुढे करून ती त्यांना सांगतेय, 'वै'ला दोन मात्रा.

आईचं शिक्षण चौथी. तो दिवस ती अजून सांगते, पण शब्द दिला म्हणून नाही सांगत. त्या बाई तव्यावरची पहिली पोळी उभ्याउभ्या खाऊन 'आता तुम्ही खा, मी लाटते' म्हणाल्या म्हणून सांगते.

तुमच्या गावातलं सांगा. व्याख्यानमाला, वाचनालय, शाळेतला कार्यक्रम, काहीही चालेल.

तांदूळवाडी
वैल!! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. आमच्याकडे आजी त्यावर आमटी ठेवायची, दिवसभर गरम.

कराडची_लेक
आमच्या घरात एकच गोष्ट आहे आणि ती दर दिवाळीला होते. डिसेंबर १९७५, कराडचं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. आणीबाणी चालू, दुर्गाबाई भागवत अध्यक्ष, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष. बाबा अठरा वर्षांचे, स्वयंसेवक, पाण्याच्या पिंपावर ड्यूटी. आणीबाणीला विरोध करणारे जयप्रकाश नारायण तेव्हा आजारी होते आणि बाईंनी त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. बाबा म्हणतात मी भरलेला तांब्या हातात धरून उभा होतो, तो खाली ठेवायलासुद्धा हललो नाही. त्या दिवशी भाषण म्हणजे काय ते कळलं म्हणतात. घरी गेल्यावर आजोबा रागावले होते, पोलीस आले असते तर म्हणून. बाबा आता अडुसष्टचे आहेत, गुडघे दुखतात, तरी गावात व्याख्यान असलं की पहिल्या रांगेत

भाकरतुकडा
गुळाची पोळी संक्रांतीला, मग भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी असणार ना कृष्णाकाठची ताई? आमच्याकडे या वर्षी हरभऱ्याचे सोलाणे मिळाले नाहीत नीट, वांगी पण किडकी. बाकी आठवण फार सुंदर

कृष्णाकाठची
@भाकरतुकडा हो हो, भोगीला बाजरीचीच. सोलाणे आमच्याकडे पण महाग होते.

वाशिष्ठी
चिपळूण. २०१३ च्या जानेवारीत ८६ वं संमेलन आमच्याकडे झालं, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने भरवलेलं. वाचन मंदिर १८६४ चं, म्हणजे आमच्या पणजोबांच्याही आधीचं. मी तेव्हा कॉलेजला. एका कवीची सही घेतली होती पुस्तकावर, त्यांनी नाव विचारून खाली दोन ओळी लिहून दिल्या, फक्त माझ्यासाठी, कुठे छापलेल्या नाहीत त्या.

२२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी आलं तेव्हा आम्ही माळ्यावर होतो. खाली सगळं गेलं. चौथ्या दिवशी चिखल उपसताना ते पुस्तक सापडलं, कपाटाच्या मागे उभं अडकलेलं. पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली. मी ते उन्हात नाही ठेवलं, कोणीतरी सांगितलं होतं की सावलीत वाळवा, पानापानात टिपकागद घाला. टिपकागद कुठून आणणार तेव्हा, वर्तमानपत्रं घातली. आठ दिवसांनी ते पान सुटं झालं. शाई पसरून निळा ढग झालाय, एक अक्षर वाचता येत नाही. माझ्या नावातला पहिला काना तेवढा दिसतो. ओळी मला पाठ होत्या म्हणून बरं. अजून आहेत.

वाचन मंदिरात पण पाणी शिरलं होतं, २००५ ला शिरलं तसंच. लोक परत उभं करतात दर वेळी. आमच्याकडे पावसाचं नाव काढलं की आधी पुस्तकं वर चढवतात, मग धान्य

तांदूळवाडी
@वाशिष्ठी काय बोलू. जपून ठेव ते पान.

कराडची_लेक
@वाशिष्ठी रडवलंस गं. त्या कवींना कळवलंस का?

वाशिष्ठी
नाही गं, ते त्याआधीच गेले.

रात्रीची_एसटी
मला वेगळं लिहायचंय, राग आहे म्हणून लिहितेय. आमच्या तालुक्यातली व्याख्यानमाला, नाव नको. बोलावलेल्या लेखिका दोनशे किलोमीटरवरून एसटीने आल्या. सात वाजताचा कार्यक्रम. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, मग सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार, मग ज्यांचं नाव राहिलं त्यांचा सत्कार. बाई बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं. आमच्या वाडीची शेवटची गाडी साडेनऊची. मी आणि माझी जाऊ वीस मिनिटं ऐकून उठलो, आमच्यासारख्या तीस-चाळीस बायका उठल्या, खुर्च्या वाजल्या, आणि बाईंना वाटलं असेल की ह्यांना आवडत नाहीये. तेच मला लागून राहिलंय. आम्हाला आवडत होतं हो बाई. आम्ही दुपारीच स्वयंपाक उरकून, गुरांचं करून, दहा रुपयांची तिकिटं काढून फक्त तुमच्यासाठी आलो होतो

खोडरबर
@रात्रीची_एसटी तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी थोडंफार लिहितो, आडगावी बोलावतात, जातो. तुम्ही उठून जाताना आम्हाला दिसता आणि खरं सांगतो, वाईट वाटतं. पण मागे एसटीचा हॉर्न ऐकू आला की कळतं. आता मी आयोजकांना फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो की गावातून शेवटची गाडी किती वाजता आहे, त्याच्या एक तास आधी माझं संपवा, सत्कार नंतर करा.

आणि दुसरं पण लिहूनच टाकतो. शाल-श्रीफळ प्रेमाने देतात, नाही म्हणवत नाही, पण प्रवासखर्च विचारायला आयोजकांना जड जातं आणि मागायला आम्हाला. नव्या लिहिणाऱ्या मुलींचे तर फार हाल होतात, रात्री उतरायचं कुठे ते सुद्धा कोणी ठरवलेलं नसतं. एका ठिकाणी मात्र वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी पाकिटात जाण्यायेण्याचं एसटी भाडं सुट्ट्या पैशासकट घातलं होतं, वर चिठ्ठी, 'सभासदांची वर्गणी'. ती चिठ्ठी माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

कडोलीकर
बेळगावहून. आमच्याकडे थंडीत रविवार म्हणजे संमेलनच. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमानी, खेडीच सगळी, पण प्रत्येक गावाचं आपलं मराठी साहित्य संमेलन. इकडे मराठीत चार वाक्यं माईकवर बोलली जाणं ह्याचं मोल वेगळं आहे, महाराष्ट्रात राहून ते पटकन लक्षात येणार नाही. सकाळी ग्रंथदिंडी निघते, पालखीत पुस्तकं, पोरं लेझीम खेळतात, बायका डोक्यावर कळस घेऊन, दारादारात रांगोळी आणि पालखीवाल्यांच्या पायावर पाणी. आमची आजी पुस्तकांच्या पालखीला तशीच ओवाळायची जशी विठोबाच्या. तिला वाचता येत नव्हतं. मी विचारलं एकदा की आजी ह्यात देव कुठाय, तर म्हणाली तू वाचतोस की रे त्यातलं, मग झालं की.

दुपारी सगळ्या गावाला जेवण. आणि कथाकथनाला जी गर्दी, झाडावर पोरं. वडील सांगतात की व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार तिघं मिळून गावोगाव कथाकथन करायचे, ती सवय आमच्या लोकांच्या कानाला अजून आहे, कथा सांगणारा चांगला असेल तर कोण हलत नाही

भाकरतुकडा
जेवणात काय असतं?

कडोलीकर
भात आमटी, एक गोड. कधी कधी पुलाव. या एकदा.

पुस्तकी_प्रवास
कोणी भिलारला गेलंय का? पाचगणीजवळचं पुस्तकांचं गाव, २०१७ ला झालं ते. घराघरात पुस्तकं ठेवलीत, कोणाच्याही ओसरीवर बसून वाचायचं. मुलांना घेऊन जायचंय, मुक्काम करावा का?

तांदूळवाडी
मुक्काम कराच. स्ट्रॉबेरीच्या दिवसात जा, म्हणजे मुलं कुरकुरणार नाहीत.

लातूरची_बाई
मी झेडपी शाळेत शिकवते. २०२२ च्या एप्रिलमध्ये उदगीरला ९५ वं संमेलन होतं, उन्हाचा कहर, तरी गेलो, पण सांगायचंय ते त्याच्या पुढच्या वर्षीचं. एक कथाकार आमच्या शाळेत आले, ओळखीतून, फुकट, स्वतःच्या मोटरसायकलवर. सातवीच्या वर्गात त्यांनी बैल विकण्याची गोष्ट वाचली. बैल बाजारात उभा आहे, गिऱ्हाईक दात बघतंय, आणि तिथेच गोष्ट संपते. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हता, उभा राहिला आणि म्हणाला, सर, पण विकला का? सर म्हणाले तुला काय वाटतं. तो म्हणाला मला वाटायचं काय त्यात, तुम्ही लिहिलंय, तुम्हाला ठाऊक असणार.

सर खूप वेळ गप्प बसले. मग खुर्चीवरून उठून त्याच्या बाकापाशी जाऊन बसले, म्हणाले, आमचा विकला होता. वडील रात्री रिकामं दावं हातात घेऊन परत आले. ते मला लिहिता आलं नाही, म्हणून मी आधीच थांबलो. तो मुलगा म्हणाला, दाव्याचं लिहा ना मग.

मी वर्गातून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले थोडा वेळ

खोडरबर
दाव्याचं लिहा ना मग. ह्याच्यापुढे मी काय लिहू.

रात्रीची_एसटी
बाई तुम्ही त्या पोराला आमच्याकडून काहीतरी खाऊ द्या

कृष्णाकाठची
सगळं आईला फोनवर वाचून दाखवलं आत्ता. चिपळूणच्या पुस्तकाचं ऐकून गप्प झाली, २०१९ ला आमच्याकडे पण पाणी घरात होतं. कडोलीच्या आजींचं वाक्य तिने परत वाचायला लावलं. आणि @लातूरची_बाई, ती विचारतेय की तो मुलगा आता काय करतो?

लातूरची_बाई
दहावीला आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा. सकाळी दूध घालून शाळेत येतो. घरी दोन बैल आहेत, विकले नाहीत म्हणावं आईंना.