सांगोल्याच्या बाजारातलं जुनं पितळ

आठवडी बाजारात अस्सल जुनं पितळ मिळतं का, की नवाच माल काळवंडवून विकतात, असा प्रश्न पडतो. मिळतं, फक्त उकरून काढायची हौस पाहिजे. आम्ही मित्र सोलापूरहून रविवारी सांगोल्याला जातो. तिथला बाजार जनावरांचा म्हणून नावाजलेला, पण आमचा डोळा कडेला पोतं अंथरून बसलेल्या, जुन्या भांड्यांची मोड विकणाऱ्यांवर.

खिशात लोहचुंबक ठेवा. तो चिकटला तर आत लोखंड, वर नुसता मुलामा. पण नवं पितळही चुंबकाला दाद देत नाही, म्हणून वय बुडाशी बघायचं. मागे मित्राला एक गडू सापडला. बूड घासून गुळगुळीत, आत कल्हईचे पांढरट पापुद्रे आणि गळ्याखाली टिंबं ठोकून घातलेलं एका बाईचं नाव. लग्नात माहेरून आलेला असणार. अशी नावं पुसट झाली तरी कृपा करून घासून काढू नका, भांड्याचा खरा जीव त्यातच आहे.

नाणीही मिळतात. मधे भोक असलेला पैसा १९४३ ते १९४७ मधला. तो भरपूर निघाला होता, तेव्हा ‘दुर्मिळ’ म्हणून हजारो मागितले तर सरळ पुढे चला.

भांडं घरी आणल्यावर घासायला अ‍ॅसिड नको, चिंच-मीठ पुरतं. त्यात आंबट काही शिजवणार असाल तर आधी कल्हई करून घ्या.