टोरगाऊचा हार्टेनफेल्स किल्लेवाडा : लाइपझिगहून एका दिवसात, गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांसह

प्रश्न (उंबरठा)
लाइपझिगला मुक्काम आहे. तिथून एक दिवस टोरगाऊचा (जर्मनीतल्या सॅक्सनी राज्यातलं एल्बेकाठचं गाव) श्लॉस हार्टेनफेल्स हा किल्लेवाडा बघायचा विचार आहे. आम्ही तिघं, त्यात आई-बाबा सत्तरीचे आणि आईचे गुडघे दुखतात. चढ किती आहे? तिथला प्रसिद्ध गोल जिना चढला नाही तर जाण्यात अर्थ आहे का? रेल्वेचं कोणतं तिकीट काढावं?

दगडीचौक
अर्थ नक्कीच आहे, कारण तिथला सर्वात सुंदर जिना चढण्यापेक्षा अंगणातून बघण्यातच जास्त मजा आहे. ग्रोसर वेन्डेलश्टाइन म्हणतात तो हाच. कोनराड क्रेब्सने 1530च्या दशकात बांधला. गोल जिन्याच्या मधोमध एरवी एक जाड दगडी खांब असतो आणि पायऱ्यांची आतली टोकं त्यात रुततात. इथे तो खांबच नाही. पायऱ्यांचा भार बाहेरच्या उभ्या दगडी खांबांवर आणि खालच्या पायरीवर जातो, आतल्या कडा एकमेकींना लागून वेटोळं घेत वर चढतात आणि मध्ये पोकळी राहते. बाहेरच्या खांबांमध्ये भिंत नसल्यामुळे वर-खाली जाणारी माणसं अंगणातून दिसतात. दरबारी लोकांची ये-जा सगळ्यांना दिसावी हाही त्यामागचा हेतू असावा, असं माझं मत. जिन्याच्या चौथऱ्याकडे दोन्ही बाजूंनी सरळ पायऱ्या जातात. त्यांच्या कठड्यावरचं कोरीवकाम नीट बघा, बहुतेक लोक तिथून वर बघत पुढे निघून जातात.

अंगणात जायला तिकीट नाही. प्रदर्शनांना लागतं. सोमवार टाळा, जर्मनीतली बरीच संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात. वाड्याच्या काही भागात जिल्हा प्रशासनाची कार्यालयं आहेत, त्यामुळे सगळीच दारं पर्यटकांसाठी नाहीत.

चढाचं म्हणाल तर वाडा एल्बे नदीच्या बाजूने उंच खडकावर दिसतो, पण शहराकडून चढ सौम्य आहे. आईंना खरा त्रास होईल तो गोट्यांच्या फरसबंदीचा. जाड तळव्याचे बूट हवेत, आणि पाऊस पडून गेला असेल तर दगड निसरडे होतात.

रूळबदल
तिकिटाचं सांगतो. तिघांसाठी ज़ाक्सेन-टिकेट, म्हणजे सॅक्सनीतल्या प्रादेशिक गाड्यांचं एका दिवसाचं तिकीट घ्या. पाच जणांपर्यंत एकच तिकीट चालतं, जितके प्रवासी तितका दर वाढतो. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी 9नंतरच चालतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून. त्यावर सगळ्यांची नावं लिहावी लागतात. नाव नसेल तर तपासनीस दंड करू शकतो. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांमध्ये हे चालत नाही, पण लाइपझिग-टोरगाऊ मार्गावर प्रादेशिक गाड्या आहेतच. प्रवास साधारण पाऊण तासाचा.

डॉइचलांड-टिकेट हे देशभरातल्या प्रादेशिक गाड्यांचं तिकीट एका दिवसासाठी घेऊ नका. ते मासिक वर्गणीचं आहे आणि त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसेही जातात.

स्टेशन ते वाडा पायी पंधरा-वीस मिनिटं, वाटेत बाजारचौक लागतो. रविवारी दुकानं बंद, म्हणून पाण्याच्या बाटल्या लाइपझिगलाच भरून घ्या.

भटकीताई
वेन्डेलश्टाइनवरून शहर आणि नदी दिसते असं काही जण लिहितात. तसं नाही. नजारा हवा असेल तर हाउसमान्स टुर्म हा मनोरा, आणि तो गुडघ्यांना झेपणारा नाही. बाबा वर जाईपर्यंत आईंना पुलाजवळच्या खंदकातली तपकिरी अस्वलं बघता येतील.

वाड्यातलं चर्च मात्र चुकवू नका. निकेल ग्रोमानने बांधलेलं, 5 ऑक्टोबर 1544 रोजी प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन लुथरने स्वतः त्याचं लोकार्पण केलं. प्रोटेस्टंट उपासनेसाठी मुद्दाम बांधलेलं ते पहिलं चर्च मानतात. बाहेरून ते चर्च वाटतच नाही, वाड्याच्या बाजूतच सामावलेलं आहे. दार शोधताना हातात येशूच्या छळाची साधनं धरलेले देवदूत कोरलेली चौकट बघा. आत वेगळा गाभारा नाही आणि प्रवचनाचं व्यासपीठ लांब भिंतीच्या मध्यावर आहे, कारण तिथे प्रवचन ऐकणं मुख्य. प्रार्थना किंवा मैफल चालू असेल तेव्हा पर्यटकांना आत सोडत नाहीत.

लुथरची पत्नी काटरीना फोन बोरा 20 डिसेंबर 1552 रोजी टोरगाऊतच वारली. तिची समाधीशिला सेंट मारियेन चर्चमध्ये आहे, वाड्यापासून जवळच.

उंबरठा
सगळ्यांचे आभार. मनोरा सोडला तर किती वेळ धरावा?

दगडीचौक
अंगण, चर्च आणि एक प्रदर्शन मिळून अडीच-तीन तास. मारियेन चर्च आणि जेवण धरून पाच. मग नदीकाठी उतरा. 25 एप्रिल 1945 रोजी अमेरिकन आणि सोव्हिएत सैन्यं टोरगाऊजवळ भेटली, त्याचं स्मारक वाड्याच्या खालीच आहे. तुटक्या पुलावरचं हस्तांदोलनाचं ते प्रसिद्ध छायाचित्र दुसऱ्या दिवशी मुद्दाम उभं राहून काढलेलं आहे, आणि तो जुना पूल 1994मध्ये पाडला, त्यामुळे तो शोधत बसू नका. नवा पूल ओलांडून पलीकडच्या काठावर गेलात तर अख्खा वाडा एका फोटोत मावतो. आईंना एवढं चालवणार नसेल तर अलीकडच्या काठावरूनही चालेल, फक्त मान बरीच वर करावी लागते.