मदत हवी आहे: पावणेआठ वर्षांच्या मुलीचे दात – उपचार आत्ता करावा की बाराव्या वर्षापर्यंत थांबावं?

पालवी
नमस्कार मंडळी. आम्ही देवगडला राहतो, मुलगी पावणेआठ वर्षांची आहे. वरचा डावा पटाशीचा कायमचा दात तोंड मिटल्यावर खालच्या दातांच्या आत जातो. त्याच्यासमोरच्या खालच्या दाताची हिरडी शेजारच्या दातापेक्षा खाली उतरलेली दिसते. खालची डावी दुसरी दुधाची दाढ किडून मुळाशी पू झालाय, ती काढायला सांगितली आहे. खालचे पुढचे चारही दात आलेत, पण दाटीत. ओपीजीत (सगळ्या जबड्याचा एकच एक्स-रे) कायमच्या सगळ्या दातांचे अंकुर दिसतात.

गावातले दंतवैद्य म्हणतात, बारा वर्षांची झाली की एकदमच तारा लावू. कणकवलीचे ऑर्थोडॉन्टिस्ट (वाकडे दात सरळ करणारे तज्ज्ञ) म्हणतात, आत्ताच सुरू करा. यातलं काय आत्ता करायचं आणि काय थांबू शकतं? पावसाळ्यात घाटरस्त्याने दर महिन्याला फेरी मारणं अवघड जातं, तेही लक्षात घेऊन सांगा.

कुळागर
पालवीताई, दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. थांबल्याने काय बिघडतं ते प्रत्येकाला लावून बघा. उलटा दात (म्हणजे खालच्यांच्या आत जाणारा तो) बिघडतो, दाढेची जागा बिघडते, दाटी मात्र सहसा बिघडत नाही.

उलटा दात आत्ताच घ्या. घास चावताना दर वेळी वरचा दात खालच्याला बाहेर ढकलतो. बाहेरचं हाड तिथे मुळातच पातळ असतं, म्हणून हिरडी उतरते. दोन्ही दातांच्या कडा झिजतात ते वेगळंच. दात वेळेत जागेवर आणला तर हिरडी पुष्कळदा सावरते. चार वर्षं थांबण्यासारखी ही गोष्ट नाही.

त्याआधी एक तपासणी घरीही करता येते. मुलीला ताठ बसवा, जिभेचं टोक टाळूवर मागे टेकवायला सांगा आणि सावकाश तोंड मिटू द्या. पुढचे दात आधी कडेला कड भिडले आणि मग खालचा जबडा पुढे किंवा बाजूला सरकला, तर जबडा दात चुकवण्यासाठी सरकतोय. असं सरकणं वाढीच्या वयात चालू राहू देऊ नये. पण जबडा न सरकताच खालचे सगळे दात पुढे येत असतील आणि घरात कुणाची हनुवटी पुढे असेल, तर प्रश्न हाडाचा असू शकतो. त्याला चेहऱ्यावर लावायचा फेसमास्क लागतो, रोज १२ ते १४ तास. तो साधारण ७ ते १० वर्षांच्या दरम्यान चांगला लागू पडतो. म्हणजे तिथेही थांबून चालत नाही.

एकाच दातासाठी बहुधा काढता-घालता येणारी वरची प्लेट देतील. मागच्या दाढांना धरणाऱ्या तारेच्या कड्या, उलट्या दातामागे त्याला बाहेर ढकलणारी तारेची छोटी झेड स्प्रिंग आणि दाढांवर ॲक्रिलिकचा (कडक प्लास्टिकचा) थर. हा थर महत्त्वाचा. पुढचे दात एकमेकांपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर सुटे राहतील एवढाच तो हवा. नसेल तर स्प्रिंग दाताला बाहेर ढकलते आणि खालचा दात त्याला आत रेटतो. दर ३-४ आठवड्यांनी स्प्रिंग थोडी उघडतात, दात महिन्याला साधारण १ मिलिमीटर सरकतो. प्लेट जेवतानाही तोंडात हवी, फक्त ब्रश करताना काढायची. बहुतेक उपचार इथेच फसतात: मूल जेवताना प्लेट काढून ठेवतं आणि प्रत्येक जेवणात दात मागे ढकलला जातो. दात पुढे येऊन खालच्या दातावर नीट चढला की चावाच त्याला धरून ठेवतो, पुढे वेगळं काही लागत नाही. त्यानंतर दाढांवरचा थर लगेच घासून काढायला सांगा.

एक मात्र आधी विचारा: त्या दाताला बाहेर यायला शेजारी जागा आहे का? नसेल तर आधी जागा करावी लागेल.

दर्यावर्दी
दाढेबद्दल लिहितो. काढण्याआधी ती वाचते का, हे बालदंतवैद्याला विचाराच. मुळं दोन-तृतीयांश तरी शिल्लक असतील आणि खालच्या अंकुराभोवतीचं हाड शाबूत असेल, तर मुळांची सफाई करून वर स्टीलची टोपी बसवता येते. दुधाच्या दाढेइतकं चांगलं जागा राखणारं साधन दुसरं नाही.

काढावीच लागली तर तिची जागा मोकळी सोडू नका. मागची सहा वर्षांची कायमची दाढ पुढे झुकू लागते आणि सर्वात जास्त जागा पहिल्या सहा महिन्यांतच जाते. तिथे येणारा कायमचा दात ११-१२ व्या वर्षी येतो, तेव्हा त्याला दार बंद झालेलं असतं.

आता खरी मेख. अशा वेळी अनेकदा बॅन्ड-लूप सुचवतात: मागच्या दाढेभोवती धातूची पट्टी आणि पुढच्या दुधाच्या दाढेला टेकलेली तारेची कमान. पण ती पुढची दाढ दहाव्या-अकराव्या वर्षी पडते आणि लूपचा आधारच जातो. तुमच्या मुलीचे खालचे चारही पुढचे दात आलेले आहेत, तेव्हा लिंग्वल आर्चबद्दल विचारा. त्यात दोन्ही बाजूंच्या कायमच्या दाढांना पट्ट्या आणि दातांच्या आतून फिरणारी एकच तार असते. पुढचे दात यायच्या आधी ती बसवत नाहीत, येणाऱ्या दातांच्या वाटेत येते.

दाटीचं म्हणाल तर दुधाच्या दाढा पडल्यावर त्यांच्या जागी येणारे दात थोडे अरुंद असतात. खाली प्रत्येक बाजूला साधारण २ मिलिमीटर जागा त्यातून मिळते, आणि लिंग्वल आर्च वेळेवर बसली तर ती वाया जात नाही. थोड्या दाटीसाठी आत्ता तारा लावू नका. वरच्या पटाशीच्या दातांत फट असेल तर तीही राहू द्या. २ मिलिमीटरपर्यंतची फट सुळे उतरताना सहसा आपोआप मिटते. गावातल्या डॉक्टरांचं थांबायला सांगणं याबाबतीत योग्यच आहे. आत्ताचा उपचार झाला म्हणजे पुढे तारा लागणारच नाहीत, असं मात्र कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

पालवी
दोघांचेही मनापासून आभार. जबडा किंचित डावीकडे सरकतो, आत्ताच करून पाहिलं. दोन शंका आहेत. फेऱ्या कमी कशा करता येतील? आणि आमच्याकडच्या खाण्यापिण्याचं काय?

जांभा
फेऱ्यांचं गणित असं बसतं. पहिल्या भेटीत तपासणी, प्लेटसाठी वरचं माप आणि दाढांच्या फटीत सेपरेटरची रबरी कडी, म्हणजे पट्टीसाठी जागा होते. चार-पाच दिवसांनी कडी काढून पट्ट्या बसवून खालचं माप, वरची प्लेट त्याच दिवशी तयार ठेवायला सांगा. तिसऱ्या भेटीत आर्च सिमेंटने चिकटवायची आणि प्लेटचा सैलपणा बघायचा. दाढ काढलेली असेल तर हे सगळं लगेच सुरू करा. प्लेटचे महिने जाईपर्यंत दरमहा जावंच लागेल. नंतर आर्चसाठी तीन महिन्यांनी एकदा पुरेल.

दुसरं मत हवं असेल तर खेडला योगिता डेंटल कॉलेज आहे, बांबोळीला गोवा डेंटल कॉलेज. बांबोळीला जायचं तर कणकवलीहून गाडी धरून करमळीला उतरा. ओपीजीची मूळ फिल्म किंवा फाइल सोबत न्या, परत काढायला लावू नका.

खाण्यात चिकट आणि कडक हे दोनच शत्रू. फणसपोळी, आंबापोळी, मालवणी खाजे, चिक्की बंद. कुर्ल्यांच्या नांग्या दातांनी फोडायच्या नाहीत, फोडून गर द्या. उसाची कांडी नको. मासे, पेज, घावणे, शिरवाळ्या खुशाल चालतील. गोड कोकम सरबत दिवसभर घोट-घोट देऊ नका. आंबट आणि साखर दोन्ही पट्टीच्या कडेला साचतात. जेवणाबरोबर एकदाच द्या आणि वर चूळ भरायला लावा.

प्लेट गरम पाण्यात घालायची नाही, ॲक्रिलिक वाकतं. साबण, मऊ ब्रश, गार पाणी. काढली की डबीतच. जेवणाच्या ताटाशेजारी कागदात गुंडाळून ठेवलेली प्लेट खरकट्याबरोबर जाते, गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना हे हमखास होतं. कुत्रीही प्लेटा आवडीने चावतात. तुटली तर घरच्या गोंदाने चिकटवू नका, तुकडे डबीत घालून डॉक्टरांकडे न्या.

लिंग्वल आर्चमध्ये लपून होणारी गडबड म्हणजे एका पट्टीचं सिमेंट सुटणं. तार जागेवर दिसते, मूल काही बोलत नाही आणि पट्टीच्या आत दाढ किडत राहते. आठवड्यातून एकदा स्वच्छ बोटाने पट्टी वर-खाली दाबून बघा. हलली किंवा कडेने लाळेचे बुडबुडे आले तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा. तार हिरडीत रुतली तर घरी ओढू नका.

पालवी
सेपरेटरची कडी मधल्या दिवसांत पडली तर?

कुळागर
पडली की डॉक्टरांना फोन करा. पट्ट्यांच्या भेटीच्या आदल्या दिवशी पडली तर फट तेवढ्यात मिटत नाही, ठरलेल्या दिवशीच जा. आधीच पडली तर परत घालावी लागेल, नाहीतर पट्टी बसणार नाही. गिळली गेली तरी घाबरू नका, शौचावाटे निघून जाते. ठसका लागून खोकला थांबत नसेल तरच लगेच दवाखाना गाठा.