नववीच्या मुलांना एकमेकांचं ऐकायला कसं शिकवायचं? (गप्प बसवायचं नाहीये, ते जमतं)

शेवंती_डिचोली

नमस्कार मंडळी, मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवते, नववीची क्लास टीचर पण आहे. वर्गात ३८ मुलं. मुलं वाईट नाहीत हो, पण एक बोलत असला की दुसरा फक्त आपला नंबर कधी येतो याची वाट बघत असतो, आणि नंबर येईपर्यंतसुद्धा थांबत नाही. ग्रुप प्रोजेक्ट दिलं की चौघं एकाच वेळी बोलतात, पाचवी मुलगी सगळं एकटीने लिहून आणते, झालं प्रोजेक्ट.

मध्ये एका ट्रेनिंगला गेले होते, तिथे अॅक्टिव्ह लिसनिंग शिकवलं. समोरच्याच्या डोळ्यांत बघा, मान हलवा, त्याने सांगितलेलं आपल्या शब्दांत परत सांगा, मध्ये तोडू नका. पटलं मला. म्हणून सोमवारी शेवटच्या तासाला जोड्या करून बसवलं. पहिल्याच जोडीतला एक म्हणाला, काल आमच्या कुत्र्याला गाडीने ठोकरलं. तर समोरचा डोळे वटारून, मान तीनदा हलवून, पोपटासारखा म्हणतो, "तू म्हणतोस की काल तुमच्या कुत्र्याला गाडीने ठोकरलं." अख्खा वर्ग हसून लोळला. ज्याचा कुत्रा तोही हसला, पण नंतर घंटा होईपर्यंत खिडकीतून बाहेरच बघत होता. मला रात्री झोप नाही लागली धड.

तर कुणी हे खरंच वर्गात करून बघितलंय का? पुस्तकातलं नको, ३५ मिनिटांच्या तासात जमेल असं सांगा. शेवटच्या तासाला मुलं भुकेली असतात आणि पाऊस पत्र्यावर वाजत असतो हेही लक्षात घ्या.

पोर्शन_संपवा

टीचर, राग मानू नका पण आधी पोर्शन पूर्ण करा. आमच्या वेळी मास्तर खडू फेकून मारायचे, सगळे ऐकायचे.

तोरिंग

वरचे काका, तुम्ही ऐकत नव्हता, खडू चुकवत होता.

शेवंतीताई, मी पालक आहे, शिक्षक नाही, एकच सांगते. माझा मुलगा सातवीत असताना प्रत्येक मीटिंगला तक्रार, लक्ष देत नाही, दोनदा सांगावं लागतं. आम्ही पण घरी त्याला बोल बोल बोललो, मोबाईल काढून घेतला. मग एकदा सर्दीसाठी डॉक्टरकडे नेलं तेव्हा कळलं कानाच्या पडद्यामागे पाणी साचलंय, कधीपासून कोण जाणे. त्याला ऐकूच कमी येत होतं आणि तो शेवटच्या बाकावर. अजून आठवलं की घशाशी येतं. तेव्हा ३८ जणांत जो सारखा "काय? काय?" करतो, ज्याचा कान वाहतो, जो बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघतो, त्याला आधी पुढे बसवा आणि घरी कळवा. बाकीचं लिसनिंग नंतर.

पेडण्याचो_म्हातारो

मी रिटायर्ड शिक्षक, पेडण्याचा. मुलांना बाकावर बसवून ऐकायला शिकवणं म्हणजे पाटावर पोहायला शिकवणं. ऐकल्याशिवाय पुढचं पाऊल पडतच नाही अशी गोष्ट हाताला द्यावी लागते.

आमच्याकडे जत्रेला रात्रभर दशावतारी कालो होतो, तुमच्याकडेही बघितला असेल. त्यात लिहिलेली संहिता नसते. नाटक सुरू व्हायच्या आधी कथानक काय, कोण कधी येणार, एवढं ठरवतात, बाकी संवाद तिथल्या तिथे. राक्षस काय बोलला हे राजाने नीट ऐकलं नाही तर राजाला तोंड उघडता येत नाही, आणि पेटीवाला नि मृदंगवाला दोघांच्याही तोंडाकडे बघून बसलेले. मी लहानपणी रंगमंचाच्या कडेला बसून बघायचो, सगळ्यात चांगला नट तो नव्हे ज्याचा आवाज मोठा, समोरच्याने चुकून सोडलेला शब्द जो उचलतो त्याच्यावर लोक टाळ्या देतात.

मी हे वर्गात आणलं. दोघांना उभं करायचं, विषय घरचा द्यायचा. बाप आणि मुलगा, मुलाला बाईक हवी. नियम एकच, समोरच्याच्या शेवटच्या वाक्यातला एखादा शब्द उचलूनच आपलं वाक्य सुरू करायचं. तो "पेट्रोलला पैसे कोण देणार" म्हणाला तर तुझ्या तोंडी पेट्रोल किंवा पैसे आलेच पाहिजेत. पाठ केलेलं चालत नाही, म्हणून कान आपोआप उघडे राहतात. पहिले दोन दिवस गोंधळ होणार, होऊ द्या. तिसऱ्या दिवशी बघणारी मुलंच ओरडतात, "आयक मरे, ताणें कितें म्हणलें!" पाच मिनिटांच्या वर एक जोडी नको, कंटाळा येतो.

आरतीला घुमट (मातीचं वाद्य) वाजवणारी पोरं वर्गात असतील तर त्यांना विचारा, साथीला शामेळ (ढोलकं) वाजवणाऱ्याकडे कान नसला तर घुमटाचं काय होतं. ती तुम्हाला आम्हां सगळ्यांपेक्षा बरं समजावतील.

माटोळी२२

मी समुपदेशनाचं काम करते, शाळांमध्ये जाते. सरांचं वाचून मजा आली, मी पण चोरणार.

ताई, तुमच्या ट्रेनिंगवाल्यांनी जे सांगितलं त्याचं मूळ १९५७ मधलं. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हा शब्द रूढ केला, आणि त्यांनी लिहिलं होतं कारखान्या-ऑफिसातल्या वरिष्ठांसाठी, कामगाराचं कसं ऐकावं म्हणून. त्यांचा सगळा भर मान हलवण्यावर नव्हता, समोरचा जे बोलतोय त्याच्या मागची भावना पकडण्यावर होता. पुढे ट्रेनिंगमध्ये त्याची अॅक्शन तेवढी उरली. तुमच्या वर्गातल्या मुलाने शब्द अगदी बरोब्बर परत दिले, कुत्र्याचं दुःख तेवढं सोडलं. म्हणून मी मुलांना "परत सांग" असं म्हणतच नाही. मी म्हणते, असा एक प्रश्न विचार जो त्याचं बोलणं ऐकल्याशिवाय सुचलाच नसता. पोपटाला प्रश्न विचारता येत नाही.

डोळ्यांत बघण्याचा आग्रह पण सोडा हो. आपल्याकडे मोठं माणूस बोलताना मूल खाली बघतं, त्याला तसंच शिकवलेलं असतं. काही मुलं खाली बघत, वहीत रेघोट्या मारत जास्त चांगलं ऐकतात.

अजून एक, आपल्याकडे बऱ्याच मुलांचं प्रायमरी मराठीतून किंवा कोकणीतून आणि पाचवीपासून एकदम इंग्लिश. बरीच मुलं सायन्सच्या तासाला न ऐकण्याची सवय लावून घेतात कारण ऐकून काही कळतच नाही. ती सवय मग तुमच्या मराठीच्या तासालाही येते. बोलण्याचा सराव असेल तेव्हा कोकणी, मराठी, जे तोंडात येईल ते चालू द्या.

मी गणेश चवथीच्या आधी एक खेळ घेते. दोघं पाठीला पाठ लावून बसतात. एकाने आपल्या घरची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट, कशी बांधतात ते सांगायचं, नारळ कुठे, सुपारीचा घड कुठे, तोरिंगां, कांगलां कुठल्या बाजूला, दुसऱ्याने फक्त ऐकून काढायचं. पहिल्या फेरीत प्रश्न विचारायला बंदी. चित्रं बघून हसून पोट दुखतं, एकाने तर गणपतीच्या डोक्यावर नीरफणस टांगला होता. दुसऱ्या फेरीत प्रश्न विचारायला परवानगी, आणि मग दोन्ही चित्रं शेजारी ठेवायची. काही समजवावं लागत नाही.

आणि एक गंभीर. मुलं खरंच बोलायला लागली की कधीतरी असं काही बोलतील जे ऐकून तुमच्या पोटात गोळा येईल. "कुणाला सांगणार नाही" असं वचन आधीच देऊ नका. मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं आपल्याला बंधनकारक आहे, आणि चाइल्ड हेल्पलाइन १०९८ चोवीस तास चालू असते. भर वर्गात कुणी तसं बोलायला लागलं तर हळूच थांबवून नंतर एकट्याशी बसा.

फोंड्याचो_दादा

मी शिक्षक नाही, चार वर्षांपूर्वी दहावी झालो. खरं बोलू? आमचे टीचर प्रश्न विचारायचे आणि आम्ही तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर द्यायचे. मग आम्ही कशाला ऐकू.

माटोळी२२

दादा, अगदी. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात सायन्सचे वर्ग रेकॉर्ड करून हेच मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी साधारण १ सेकंद थांबत. तेच ३ सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांब व्हायची आणि एरवी न बोलणारीही बोलायची. ३ सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, वर्गासमोर उभं राहून मोजून बघा, घाम फुटतो.

पोर्शन_संपवा

३८ मुलं गुणिले ३ सेकंद. करा हिशेब.

शेवंती_डिचोली

सगळ्यांना थँक्यू, उशिरा लिहितेय, युनिट टेस्टचे पेपर होते.

दादाचं वाचून मी मोबाईल टेबलावर ठेवून माझाच एक तास रेकॉर्ड केला. फक्त माझा आवाज, मुलं मध्येमध्ये "हो टीचर". एका ठिकाणी एक मुलगी "टीचर पण" म्हणाली आणि मी तिच्यावरून सरळ पुढे गेले. ती "पण" च्या पुढे काय बोलणार होती ते दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं, ती म्हणाली आठवत नाही.

सरांचा बाईकचा खेळ चार दिवस केला. पहिल्या दिवशी शिमगा. चौथ्या दिवशी बापाचं काम करणारा मुलगा एकदम थांबला आणि म्हणाला, "पैसे... थांब, तू खरंच काम करून पैसे जमवलेस?" आणि दुसरा खेळ विसरून खरंच सांगायला लागला, सुट्टीत मामाच्या गॅरेजमध्ये जातो म्हणून. मला माहीत नव्हतं हे, क्लास टीचर असून. माटोळी चवथीच्या आधी करीन. आणि तोरिंगताई, तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाच्या घरी फोन केलाय, बघू.

काल माटोळीताईंचा एक प्रश्नवाला नियम लावला, जोड्या मुद्दाम त्याच ठेवल्या. आमचा पोपट बराच वेळ गप्प. मी मनात मोजत होते, ३ कधीच होऊन गेले, १० पण झाले असतील. मग त्याने विचारलं, "मागीर तो चलता मरे?" (मग तो चालतो ना रे?) कुत्र्यावाला उरलेला तासभर त्याच्याशीच बोलत होता. मागचा एक पाय गेला, तीन पायांवर चालतो, पण कदंब बस दिसली की अजून तिच्या मागे धावतो.