मदत हवी आहे: हृदयविकार असलेल्या वडिलांसाठी क्रूझचा प्रवास विमा, अर्जात "आजार नाही" असे छापले गेले आहे

नमस्कार मंडळी,

मी गेली नऊ वर्षे इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहते. माझे आईवडील सांगलीला असतात. मेअखेरीस ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे येत आहेत आणि त्या मुक्कामात, १४ जूनला, साउदॅम्प्टनहून सुटणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझने आम्ही चौघे नॉर्वेचे फ्योर्ड (डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या) पाहायला जाणार आहोत. स्टाव्हांगर, ओल्डन, गायरांगर आणि बर्गन अशी चार बंदरे आहेत. तिकिटे काढून झाली, आईबाबांचा शेंगेन व्हिसाही (नॉर्वेसह युरोपातील बहुतेक देशांना चालणारा एकच व्हिसा) मुंबईहून हाती आला. घोडे अडले आहे ते विम्यापाशी.

बाबा ७२ वर्षांचे आहेत. २०२१ मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवला गेला. मधुमेह पंधरा वर्षांपासून आहे आणि रक्तदाब त्याच्याही आधीपासून. अँजिओप्लास्टीनंतर छातीत कधी दुखले नाही, रोज सकाळी ते कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जाऊन येतात, साखरही आटोक्यात आहे. मात्र यंदा मार्चमध्ये रक्तदाब थोडा चढा निघाला म्हणून डॉक्टरांनी टेलमिसार्टन ४० ची ८० केली. बाबांच्या लेखी ही सांगण्यासारखी गोष्टच नाही. "गोळी तीच आहे, नुसता आकडा बदललाय," असे ते म्हणतात.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते, म्हणून बाबांनी ओळखीच्या एका एजंटाकडून पॉलिसी काढली होती. गेल्या रविवारी त्यांनी तिची प्रत मला पाठवली, तेव्हा शेवटून दुसऱ्या पानावरील तक्त्यात "आधीपासूनचा आजार" या रकान्यात दोघांच्याही नावापुढे "नाही" असे छापलेले दिसले. बाबांना तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. त्यांनी फक्त पासपोर्टच्या प्रती दिल्या आणि पैसे भरले. एजंटाला फोन केला, तर तो म्हणाला, "ताई, ते लिहिलं असतं तर सत्तरीच्या पुढच्या माणसाला पॉलिसी मिळालीच नसती, आणि ही तशीही व्हिसापुरतीच आहे."

मला खटकले ते हेच. मी इथे स्वतःसाठी क्रूझचा विमा घेतला, तेव्हा माझ्या साध्या थायरॉईडविषयी संकेतस्थळाने एकामागून एक प्रश्न विचारले: निदान कधी झाले, गोळी कधी बदलली, पुढची तपासणी ठरली आहे का. बाबांच्या हृदयासाठी मात्र एक चौकट, आणि तीही दुसऱ्याच कोणीतरी भरलेली.

आता भारतातूनच दुसरी पॉलिसी घ्यावी म्हणून मी दोन कंपन्यांच्या अटी वाचल्या. दोन्हींत शब्द थोडे वेगळे असले तरी आशय एकच आहे, की आधीपासूनच्या आजाराचा खर्च केवळ जीवघेण्या आणीबाणीत आणि रुग्णाची प्रकृती स्थिर होईपर्यंतच मिळेल. या वाक्याचा व्यवहारातला अर्थ मला कळत नाही. उद्या जहाजावर बाबांच्या छातीत दुखू लागले, जहाजावरच्या डॉक्टरांनी ईसीजी काढून दोन दिवस देखरेखीखाली ठेवले आणि झटका आलेला नाही असे निष्पन्न झाले, तर ती आणीबाणी धरली जाईल का? गायरांगर हे फ्योर्डच्या टोकाचे लहानसे गाव आहे. तिथून ओलेसुंदच्या रुग्णालयात पोहोचायला रस्त्याने दोन तासांहून अधिक लागतात. त्या प्रवासाचा खर्च कोणत्या कलमाखाली येतो? चुकीच्या "नाही"चे आता काय करावे, आणि मार्चमधील वाढीव डोस अर्जात लिहावा लागेल का, याविषयीही ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. आईबाबांचे विमान २८ मेचे आहे, तेव्हा हाती पाच आठवडे आहेत.

– रेडिंगकर

प्रतिसाद: निवृत्त_दावेवाला

ताई, मी सर्वसाधारण विम्याच्या दावे विभागात बरीच वर्षे काढली आहेत, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आधी त्या "नाही"विषयी. अर्ज एजंटाने भरला असला तरी तो विमेदाराचाच समजला जातो. दावा आला की आम्ही पहिल्यांदा रुग्णालयाची डिस्चार्ज समरी मागवत असू, आणि तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच "पूर्वेतिहास: अँजिओप्लास्टी, मधुमेह" असे असते. तेवढ्यावर दावा फेटाळता येतो. विम्याचा करार परम सद्भावाचा, म्हणजे काहीही न दडवता करायचा, मानला जातो आणि मधुमेहासारखी बाब दडवली म्हणून आरोग्य विम्याचा दावा नाकारणे सर्वोच्च न्यायालयानेही २००९ मध्ये योग्य ठरवलेले आहे.

याची दुसरी बाजू तुमच्या उपयोगाची आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे जे प्रकरण निकाली निघाले, ते परदेश प्रवासाच्या मेडिक्लेमचेच होते. एक गृहस्थ २००९ मध्ये लग्नासाठी अमेरिकेला निघाले, सॅन फ्रान्सिस्कोला उतरताच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि तीन स्टेंट घालावे लागले. मधुमेह असल्याचे त्यांनी अर्जात लिहिले होते आणि पॉलिसीआधी वैद्यकीय तपासणीही झाली होती. तरी कंपनीने मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांच्याकडे बोट दाखवून दावा नाकारला. विमेदाराने उघड केलेली प्रकृती तपासून एकदा पॉलिसी दिली, की नंतर त्याच आजाराचे कारण पुढे करून दावा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे अर्जात लिहिलेला आजार कंपनीला बांधून ठेवतो आणि न लिहिलेला आजार तुम्हाला.

टेलमिसार्टनचा डोस अवश्य लिहा. वर्ष, महिना, आधीचा डोस, आताचा डोस, सगळे. कोणत्या काळातील उपचार विचारात घ्यायचे हे प्रत्येक पॉलिसी आपापल्या व्याख्येत सांगते, पण "सध्या कोणती औषधे चालू आहेत" या प्रश्नातून कोणीच सुटत नाही.

"स्थिर होईपर्यंत" याचा अर्थ, साध्या भाषेत सांगायचे तर, जीव वाचवण्यापुरते. झटका आला, अँजिओप्लास्टी करावी लागली, तर ती त्यात बसू शकते; त्यानंतर "आलोच आहोत तर दुसरीही शीर पाहून घेऊ" हे बसत नाही. तुम्ही विचारलेला देखरेखीचा प्रसंग खरोखरच काठावरचा आहे. तिथे सर्व काही जहाजावरच्या डॉक्टरांनी काय लिहिले यावर ठरते. "छातीत दुखणे, तपासले" आणि "तीव्र हृदयविकाराचा संशय, तातडीने निरीक्षणाखाली" या दोन नोंदींचा शेवट निरनिराळा होतो. खोटे लिहून घ्यायला सांगत नाही. डॉक्टरांच्या मनात जे भय होते ते कागदावर उतरले आहे ना, एवढे पाहावे.

जुनी पॉलिसी सुरू होण्याआधीच कंपनीला थेट ईमेल करून दुरुस्ती मागा. एजंटामार्फत नको. एंडॉर्समेंट (पॉलिसीतील लेखी दुरुस्ती) देत नसतील तर ती रद्द करून नवी घ्या, मात्र नव्या पॉलिसीतही शेंगेनची ३०,००० युरोंची अट पुरी होते ना ते पाहा आणि तिची छापील प्रत प्रवासात जवळ ठेवा.

प्रतिसाद: हौशी_प्रवासी

आम्ही मागच्या वर्षी सासऱ्यांना घेऊन क्रूझला गेलो होतो, त्यांचाही बायपास झालेला होता. अर्जात काहीच लिहिले नव्हते आणि काहीही झाले नाही. उगाच जास्त विचार करू नये असे वाटते.

प्रतिसाद: निवृत्त_दावेवाला

काहीही झाले नाही, म्हणूनच विमा चालला.

प्रतिसाद: साउदॅम्प्टनचा बंड्या

रेडिंगकर ताई, मी इथलाच आहे आणि माझ्या आईवडिलांच्या वेळी याच फेऱ्यातून गेलो आहे. इथल्या प्रवास विम्यासाठी बहुतेक कंपन्यांना विमेदार ब्रिटनचा रहिवासी आणि इथल्या जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नोंदलेला असावा लागतो, त्यामुळे तो मार्ग आईबाबांना बंदच समजा. पाहुण्यांसाठी वेगळ्या पॉलिसी मिळतात, पण मी पाहिलेल्या सर्व पॉलिसींमध्ये जुने आजार वगळलेले होते. भारतातूनच घ्यायची, आणि त्यांनी देश सोडण्याआधी घ्यायची, हे पक्के करा.

दुसरे, तुमच्या लिहिण्यावरून मला शंका येते की व्हिसासाठी काढलेली पॉलिसी फक्त शेंगेन देशांपुरती आणि क्रूझच्या आठवड्यापुरती असावी. तसे असेल तर रेडिंगमधले तीन महिने उघड्यावर आहेत. इंग्लंडमध्ये आपत्कालीन विभागात तपासून घरी पाठवले तर परदेशी पाहुण्याला शुल्क पडत नाही, पण वॉर्डात दाखल केले की एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) दराच्या दीडपट बिल येते. आणि नॉर्थ सी काही शेंगेनमध्ये नाही! जहाज साउदॅम्प्टनहून निघून पहिले बंदर गाठेपर्यंत आणि शेवटचे बंदर सोडून परतेपर्यंत ती पॉलिसी लागू आहे का, हे लेखी विचारा. अमेरिका व कॅनडा वगळून सर्व जग अशी हद्द असलेली पॉलिसी घेतली की हा प्रश्न मिटतो.

जहाजावरचा दवाखाना खासगी असतो, तिथे एनएचएस चालत नाही. बिल तुमच्या केबिनच्या खात्यावर चढते आणि उतरताना ते चुकते करावे लागते. विम्याकडे मागणी त्यानंतर. म्हणून तुमच्या क्रेडिट कार्डाची मर्यादा आधी पाहून ठेवा. जहाजावर ईसीजी, एक्स-रे, रक्ततपासणी होते, झटका आलेल्या रुग्णाला सावरतात, पण अँजिओप्लास्टी होत नाही. त्यासाठी किनाऱ्यावर न्यावेच लागते, आणि आपल्या मार्गावर तशी सोय असलेली मोठी रुग्णालये स्टाव्हांगरला आणि बर्गनला (हाउकेलांड) आहेत. पॉलिसीत "आपत्कालीन वैद्यकीय स्थलांतर" हा शब्दप्रयोग जहाजालाही लागू आहे ना, आणि बाबा रुग्णालयात राहिले तर सोबत थांबणाऱ्या आईचा हॉटेल व विमानखर्च मिळतो ना, हे दोन मुद्दे मी सर्वांत वर ठेवीन. जहाज कोणासाठी थांबत नाही.

आणि एक गोष्ट जी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: तुमची स्वतःची ब्रिटिश पॉलिसी काढून वाचा. बाबांच्या प्रकृतीमुळे ऐनवेळी तुम्हा दोघांना प्रवास रद्द करावा लागला, तर तो दावा तुमच्या पॉलिसीवर येईल; आणि सोबतच्या किंवा जवळच्या नातेवाइकाचा आधीपासून ठाऊक असलेला आजार अनेक पॉलिसी वगळतात किंवा त्याबद्दल वेगळा प्रश्न विचारतात. माझ्या वेळी तो प्रश्न होता आणि मी घाईत पुढे गेलो होतो.

प्रतिसाद: रेडिंगकर (मूळ प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

बंड्या यांची शंका खरी निघाली. पॉलिसी १४ ते २१ जूनपुरतीच होती आणि तिच्या हद्दीत इंग्लंड नव्हतेच. कंपनीने दुरुस्ती करण्यास नकार दिला, म्हणून ती रद्द केली. नव्या कंपनीने २०२१ ची डिस्चार्ज समरी, ताजा ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि डॉक्टरांचे प्रवासास हरकत नसल्याचे पत्र मागितले. बाबा कुरकुरत दोनदा रुग्णालयात जाऊन आले. हप्ता आधीच्या अडीचपट पडला, पण त्यात इंग्लंडमधला सगळा मुक्काम आला आणि तक्त्यात आता "नाही"च्या जागी तिन्ही आजारांची नावे आहेत. हृदयाशी संबंधित खर्चाला वेगळी कमाल मर्यादा घातली आहे आणि "जीवघेण्या आणीबाणीत" हे शब्द कायम आहेत. ते बदलून घेता आले नाहीत. जहाजावरील उपचार आणि जहाजावरून किनाऱ्यावर नेण्याचा खर्च धरला जाईल, असे त्यांनी ईमेलने कळवले आहे. तो ईमेल छापून पॉलिसीला जोडला आहे.

माझ्या स्वतःच्या पॉलिसीत सोबतच्या नातेवाइकाचा प्रश्न खरोखरच होता. मीही घाईत पुढे गेले होते. आता फोन करून बाबांचा आजार नोंदवला आहे. त्यासाठी जादा पैसे घेतले नाहीत, पण रेकॉर्ड होत असलेल्या त्या फोनवर चाळीस मिनिटे गेली.

बाबांनी कॅलेंडरच्या पाठीमागे औषधांची यादी स्वतःच्या अक्षरात करून मला पाठवली आहे, डॉक्टरांकडून ती टाइप करून सहीशिक्क्यासह घ्यायची आहे. टेलमिसार्टन ८० पुढे, न सांगता, त्यांनी "मार्चपासून" असे लिहून त्याखाली रेघ मारली आहे.